खडकी, नव्ह शापेल, बसरा: २० आणि २१ नंबर कंपनीचा माग (प्रकल्प नोंदी)

१४ जानेवारी २०२५

कामाला आज रीतसर सुरुवात केली. खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी इंजिनिअरांच्या दलाच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या पहिल्या महायुद्धात कुठे कुठे होत्या याचा तारीखवार तक्ता करायचा आहे. ऑगस्ट १९१४ पासून तुर्कस्तानशी युद्धविराम झाला त्या ३० ऑक्टोबर १९१८ पर्यंत.

२१ नंबर म्हटलं की जाणकारांना दुसरं महायुद्ध आठवतं. १९४१ साली इथिओपियातल्या मेतेम्मा ते गोंदर रस्त्यावर सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवसांत पंधरा सुरुंगक्षेत्रं मोकळी केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती हीच कंपनी. पण त्याच्या सव्वीस वर्षं आधी ही माणसं कुठे होती, हे खडकी बाजारात कुणालाही विचारा, उत्तर मिळत नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या पट्ट्यात गावोगावी त्या युद्धाच्या शिळा आहेत. चावडीच्या, नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेल्या. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतके कामी आले. बस्स, आकडा. कुठल्या पलटणीत होते, कुठल्या मुलखात पडले, काही नाही. हा तक्ता मला त्या आकड्यांसाठी करायचा आहे.

१९ जानेवारी

आधी सांगाडा उभा केला. दोन्ही कंपन्या लाहोर डिव्हिजनच्या, म्हणजे ३ नंबर डिव्हिजनच्या, इंजिनिअर कंपन्या म्हणून गेल्या. डिव्हिजनचा मार्ग सर्वज्ञात आहे: ऑगस्ट १९१४ मध्ये कराची आणि मुंबईहून बोटी सुटल्या, वाटेत इजिप्तमध्ये थांबा, २६ सप्टेंबरपासून फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरायला सुरुवात. तिथून आगगाडीने ऑर्लेआँ, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात उत्तरेला फ्लँडर्सच्या सीमेवर. १९१५ च्या अखेरीस पुन्हा मार्सेय, पुन्हा बोटी, आणि १९१६ च्या सुरुवातीला आजच्या इराकातलं बसरा. १९१७ मध्ये बगदादच्या पुढे. १९१८ च्या वसंतात इजिप्त आणि तिथून पॅलेस्टाइन.

हा सांगाडा कंपनीच्या अंगावर जसाच्या तसा चढवायचा मोह होतो. तसं करायचं नाही. सफरमैनांची (सॅपर्स अँड मायनर्सना आपल्याकडचा शब्द) कंपनी पायदळासारखी एका जागी एका कामावर क्वचित असते. कंपनीचं एक सेक्शन डिव्हिजनमधल्या एका ब्रिगेडला खंदक आखून देतंय, दुसरं मागच्या ओढ्यावर साकव टाकतंय, तिसरं काटेरी तारांचे खुंट रोवतंय, असंच चालतं. ‘डिव्हिजन अमुक ठिकाणी होती’ यावरून अमुक सॅपर तिथे होता, असं म्हणता येत नाही. म्हणून तक्त्यात तीन रंग ठरवले. हिरवा म्हणजे खुद्द कंपनीचा पुरावा, पिवळा म्हणजे ब्रिगेडचा, करडा म्हणजे नुसता डिव्हिजनचा. करड्या रंगाच्या बळावर कुणाच्याही पणजोबांबद्दल काही सांगायचं नाही.

२ फेब्रुवारी

वॉर डायऱ्या, म्हणजे तुकड्यांच्या युद्धकाळातल्या रोजच्या नोंदवह्या. मूळ कागद लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, डब्ल्यूओ ९५ या मालिकेत, आणि त्यांतल्या पुष्कळांचे स्कॅन झाले आहेत. छापील फॉर्म, आर्मी फॉर्म सी २११८. डाव्या कडेला ठिकाण, तारीख आणि वेळ यांचे अरुंद रकाने, मधे घडामोडींचा सारांश, उजवीकडे शेरा आणि परिशिष्टांचे हवाले. जो अधिकारी हयात आणि हातीपायी धड असेल तो रात्री मेणबत्तीच्या उजेडात शिसपेन्सिलीने भरायचा.

एक गोष्ट नव्या माणसाने आधीच ध्यानात घ्यावी. ठिकाणाच्या रकान्यात असतं ते कंपनीच्या मुख्यालयाचं ठिकाण, म्हणजे डायरी लिहिणाऱ्याचा मुक्काम. माणसं रात्रभर तिथून दोन-तीन मैल पुढे खणत असतात. त्यामुळे नुसता डावा रकाना उतरवून काढला तर सगळी कंपनी सदैव पिछाडीच्या गावात विश्रांती घेत होती, असं चित्र उभं राहतं. खरा माग मधल्या रकान्यात असतो, ‘एक सेक्शन अमुक ब्रिगेडकडे’ अशा अर्ध्या ओळीत. मी आता प्रत्येक सेक्शनला वेगळी ओळ देतोय. तक्ता चौपट लांबला, पण त्याला इलाज नाही.

१६ फेब्रुवारी

२८ ऑक्टोबर १९१४. या एका दिवसावर आठवडा गेला आणि तो जायलाच हवा होता.

नव्ह शापेल हे उत्तर फ्रान्समधलं, एस्तेर ते ला बासे रस्त्याच्या पूर्वेला असलेलं छोटं गाव. २६ आणि २७ ऑक्टोबरच्या झुंजीत ते जर्मनांच्या हाती गेलं. ते परत घ्यायचं ठरलं तेव्हा हाताशी ताजी पायदळं उरली नव्हती. ब्रिटिश पलटणी आठवडाभराच्या लढाईने खिळखिळ्या झालेल्या, लाहोर डिव्हिजनची माणसं येतील तशी तुकड्यातुकड्यांनी या भोकात, त्या भोकात भरलेली. तेव्हा ४७ शीख पलटणीच्या जोडीला २० आणि २१ नंबरच्या सॅपर कंपन्यांना संगिनी लावून पुढे घातलं.

सकाळी थोडा वेळ तोफा चालल्या आणि मग ही माणसं उघड्या, सपाट रानातून गावाकडे निघाली. आडोसा नाही, बांध नाही. वाटेत पडायचे ते पडले, उरलेले गावात घुसले. मग घराघरांतून, परसांतून, भिंतीआडून हातघाई. गाव बहुतांशी ताब्यात आलंही. पण मागून कुमक आली नाही. कारण मागे कुमक नव्हतीच. जर्मनांनी नवी माणसं आणि मशीनगन आणून उलट हल्ला चढवला, आणि जी वाट चालून आले त्याच उघड्या रानातून यांना परतावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी त्या दुपारपर्यंत मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. सॅपरांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त गारद झाला. ४७ शिखांचे हाल त्याहून वाईट.

हे वाचून राग येतो आणि तो इथे नोंदवून ठेवतो. पूल बांधणं, सुरुंग पेरणं, खंदकाची माती कोसळू नये म्हणून फळ्या कशा लावायच्या, हे शिकलेला माणूस तयार व्हायला खडकीत वर्षं लागत. त्या माणसाच्या हातात फक्त संगीन देऊन त्याला गावावर सोडलं. पुढच्या महिन्यांत, जेव्हा पाण्याने भरलेल्या खंदकांत प्रत्येक वीतभर कामाला सॅपर लागत होता, तेव्हा तो नव्हता. 

तक्त्याच्या दृष्टीने अडचण अशी की लिहिणारेच पडले. अशा दिवसाची डायरी नंतर कुणीतरी, ऐकून, जुळवून लिहितो. म्हणून या दिवसाच्या वेळा मी सॅपरांच्या कागदांवरून एकट्या घेत नाही. शेजारच्या पलटणीच्या आणि ब्रिगेडच्या नोंदींशी ताडून जिथे दोन जुळतील तिथेच हिरवा रंग.

९ मार्च

नकाशे. १९१५ च्या सुरुवातीपासून ठिकाणं आकड्या-अक्षरांत येऊ लागतात. पद्धत एकदा हाताला बसली की सोपी आहे. शीटवर मोठे अक्षरी चौकोन, त्यांत हजार यार्डांचे क्रमांकित चौकोन, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार भाग ए, बी, सी, डी. ‘एस ५ डी’ एवढं वाचलं की जागा पाचशे यार्डांच्या चौकोनात सापडली. पुढे दोन आकडे असले तर पन्नास यार्डांवर बोट ठेवता येतं. त्यामुळे मार्च १९१५ नंतरचा माग १९१४ पेक्षा कितीतरी नेमका होतो.

१९१४ च्या शरदातल्या नोंदींत मात्र फक्त गावांची नावं आहेत, तीही कानाला जशी आली तशी. शिवाय गोऱ्या सैनिकांनी चौकांना, वाड्यांना स्वतःची नावं ठेवलेली. ‘पोर्ट आर्थर’ फ्रान्सच्या कुठल्याही नकाशात नाही; तो ला बॉम्बचा चौक, आणि आज नव्ह शापेलचं भारतीय स्मारक बरोबर तिथेच उभं आहे. अशा नावांची वेगळी यादी तक्त्याला जोडली.

१९१५ चं वर्ष भराभर भरत चाललंय. एक सावधगिरी: पुस्तकांत ‘भारतीय कोअरने हल्ला केला’ असं सरसकट लिहितात. पण कोअरमध्ये लाहोर आणि मीरत अशा दोन डिव्हिजन होत्या. १० मार्च १९१५ ला नव्ह शापेलवर पहिली झडप मीरतवाल्यांची, लाहोरच्या ब्रिगेड नंतर उतरल्या. ९ मे आणि २५ सप्टेंबरच्या हल्ल्यांचा भारही मीरतवरच. उलट एप्रिलच्या अखेरीस बेल्जियममधल्या ईप्रकडे घाईने पायी निघाली ती लाहोर डिव्हिजन, आणि २६ एप्रिलला क्लोरीनच्या वायूत सापडली तीही तीच. तोंडाला ओलं फडकं, एवढाच उपाय. २० आणि २१ च्या वंशजांनी आपली माणसं मे महिन्याच्या हल्ल्यात शोधू नयेत, एप्रिलमध्ये शोधावीत.

३० मार्च

खटाव तालुक्यातून एक गृहस्थ भेटायला आले. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. फडक्यात गुंडाळलेली तीन पदकं आणि एकच प्रश्न.

“सर, आमच्या घरात पहिल्यापासून सांगत आलेत, पणजोबा बसऱ्याला होते. पण गावातल्या एका माहीतगाराने हा बिल्ला बघितला आणि म्हणाला, हा फ्रान्सचा आहे, तुमच्या घरच्या गप्पा खोट्या. आता नेमकं खरं काय?”

“काका, बिल्ला जरा उलटा करून द्या.”

तारा ब्राँझचा, वर मुकुट, मधे आडव्या तलवारी आणि पट्टीवर ‘ऑगस्ट १९१४ नोव्हेंबर’. हा १९१४ चा स्टार. याची पाठ सपाट असते आणि नाव तिथे ठोकलेलं असतं; गोल पदकांवर ते कडेला असतं. पाठीवर नंबर, हुद्दा, नाव, आणि शेवटी फक्त ‘३ एस अँड एम’, म्हणजे थर्ड सॅपर्स अँड मायनर्स. कंपनीचा आकडा नाही. तो सहसा नसतोच, आणि इथेच बहुतेकांचा माग संपतो.

पण इथे तक्ता कामी आला. हा स्टार फक्त ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या मुदतीत फ्रान्स-बेल्जियमच्या भूमीवर असलेल्यांनाच मिळाला. त्या मुदतीत खडकीच्या कंपन्यांपैकी तिथे होत्या त्या २० आणि २१. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेलेल्या खडकीच्याच १७ आणि २२ नंबर कंपन्यांच्या माणसाला पट्टीवर नुसतं ‘१९१४-१५’ असलेला दुसरा स्टार मिळाला असता. म्हणजे यांचे पणजोबा बहुतेक करून २० किंवा २१ चे. आणि त्या दोन्ही कंपन्या १९१६ मध्ये बसऱ्याला उतरल्या.

“म्हणजे बिल्लाही खरा, आणि घरचं सांगणंही खरं?”

“दोन्ही खरं, काका. आधी फ्रान्स, मग बसरा.”

त्यांनी डोळे पुसले. मीही थोडा वेळ काही बोललो नाही. ‘बहुतेक करून’ हे शब्द मात्र मी त्यांना कागदावर लिहून दिले. जखमी होऊन मधेच मायदेशी परतलेले, दुसऱ्या तुकडीत बदलून गेलेले असेही असतात, आणि पदकावरून ते कळत नाही.

२० एप्रिल

मेसोपोटेमिया. इथे खडकीची गोष्ट फार विलक्षण वळण घेते, आणि आश्चर्य म्हणजे ती अशी एकत्र मांडलेली मला मराठीत कुठे दिसली नाही.

खडकीच्या १७ आणि २२ नंबरच्या कंपन्या ६ नंबरच्या पूना डिव्हिजनबरोबर होत्या. २२ नंबर तर नोव्हेंबर १९१४ मध्ये फाव इथे पहिल्या बोटींतून उतरलेल्यांतली. बसरा, कुर्णा, अमारा, कुत असं करत डिव्हिजन नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनपर्यंत, बगदादच्या उंबरठ्यापर्यंत गेली. तिथून माघार, आणि ३ डिसेंबरला पुन्हा टायग्रिस नदीकाठचं कुत. ७ डिसेंबरपासून तुर्कांचा वेढा. याच डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणीही होत्या, म्हणून कुतचं नाव आपल्याकडच्या कित्येक घरांत अजून निघतं.

वेढ्याच्या सुरुवातीची एक रात्र. टायग्रिसवर होड्यांचा पूल होता आणि पलीकडचं टोक तुर्कांच्या हाती पडलं. पूल शाबूत राहिला असता तर शत्रू थेट गावात आला असता. ९ डिसेंबरच्या रात्री रॉयल इंजिनिअर्सचा लेफ्टनंट मॅथ्यूज आणि ७ गुरख्यांचा लेफ्टनंट स्वीट थोड्या माणसांनिशी पुलावरून पलीकडच्या टोकाशी गेले, सुरुंग लावले आणि पूल उडवून परत आले. आपल्याच लोकांनी बांधलेला पूल.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. आत १७ आणि २२. बाहेर, त्यांना सोडवायला आलेल्या फौजेत, फ्रान्सहून येऊन बसऱ्याला उतरलेल्या २० आणि २१. एकाच लायनीत राहिलेले, एकाच उस्तादाकडून गाठी मारायला शिकलेले लोक. ८ मार्च १९१६ ला कुतजवळच्या दुजैलाच्या बुरुजावर हल्ला झाला तेव्हा तोफांचे लखलखाट कुतमधून दिसत होते. बुरूज हाती आला आणि त्याच दिवशी गेला. १७ एप्रिलला ३ नंबर डिव्हिजनने बेत ऐसा घेतलं, पण रात्री तुर्कांच्या उलट हल्ल्याने पुढची वाट बंद झाली. पावसाने आणि पुराने सगळा मुलूख चिखल झालेला, दलदलींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांतून हल्ले करायचे, बसऱ्याहून वर सामान आणायला पुरेशा बोटी नाहीत. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि आत होती त्याच्या दुपटीजवळ हा आकडा जातो. २९ एप्रिलला कुत पडलं.

त्या दिवशी १७ आणि २२ चा रकाना माझ्या तक्त्यात तुटतो. कंपनी म्हणून पुढे काही उरत नाही, माणसं उरतात: बगदाद, समारा, मोसुल, तिथून वाळवंटातून पायी रास अल ऐन, आणि तिथे रेल्वेच्या रुळांवर कैद्यांची मजुरी. तो माग वेगळा आहे आणि वेगळ्याच कागदांत आहे. तो मी या तक्त्यात कोंबणार नाही, पण २० आणि २१ च्या १९१६ च्या पानावर शेजारचा रकाना रिकामा ठेवला आहे. शेजारी कोण होतं हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

११ मे

मृतांच्या याद्या. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदी आता घरबसल्या बघता येतात. नव्ह शापेलच्या स्मारकावर, ज्यांना कबर नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची आणि मजुरांची नावं कोरली आहेत. थर्ड सॅपर्सचे लोक तिथे नावानिशी आहेत.

बसऱ्याच्या स्मारकाची गोष्ट वेगळी. चाळीस हजारांवर माणसं त्यावर आहेत, पण भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि बाकी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा घातला. नावं रजिस्टरात राहिली. म्हणजे २० नंबरचा सॅपर ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्सला पडला तर दगडावर नावाने आहे, आणि त्याच्याच बाजूला झोपणारा, त्याच्यानंतर दीड वर्ष जगून टायग्रिसच्या काठी मेला तर तो एक आकडा. गावच्या शिळेवरही आकडाच, बसऱ्यालाही आकडाच. हे स्वीकारायला माझं मन तयार नाही. त्यामुळे तक्त्यासोबत रजिस्टरांतली नावंही देवनागरीत उतरवायची, असं आज ठरवलं.

नावं उतरवताना कामाच्या दोन गोष्टी. पहिली, फौजेने आडनाव बहुधा लिहिलं नाही. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, इतकंच. ‘विठू रामा’ असं दिसलं तर जाधव, शिंदे, कदम यांपैकी कोण ते तिथून कळत नाही. गाव जुळवावं लागतं. दुसरी, जिल्हे तेव्हाचे आहेत. तेव्हाच्या साताऱ्यात तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुकेही होते. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं सांगली असं नाव झालं. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्ग आहे, कुलाबा म्हणजे आजचा रायगड. ‘सातारा’ वाचून आजच्या साताऱ्यातच शोधत बसलात तर तासगावचा माणूस कधीच सापडणार नाही.

८ जून

१९१७ आणि १९१८. जानेवारी १९१७ मध्ये कुतजवळच्या खदैरी वळणावर ३ नंबर डिव्हिजनचे कष्टाचे दिवस, रोज थोडं थोडं पुढे खंदक खणत जायचं, म्हणजे सॅपरचंच काम. २३ फेब्रुवारीला शुमरानला टायग्रिस ओलांडली गेली ती दुसऱ्या डिव्हिजनकडून. आपल्या डिव्हिजनकडे मगासिसला हुलकावणीचं काम होतं. ११ मार्चला बगदाद. २५ मार्चला जबल हमरीनच्या टेकड्यांवर अपयश, त्याचा उल्लेख विजयाच्या गडबडीत फारसा कुणी करत नाही. एप्रिल १९१८ पासून डिव्हिजन बोटींनी इजिप्तला आणि १९ सप्टेंबरला पॅलेस्टाइनच्या किनारपट्टीवर मेगिद्दोच्या लढाईत. हा भाग सध्या बराचसा करडा आणि पिवळा आहे.

२२ जून

आजची स्थिती. ऑक्टोबर १९१४ ते डिसेंबर १९१५ तक्ता बहुतांशी हिरवा. १९१६ अर्धा. पुढचं काम क्रमाने असं: दुजैलाच्या ७ आणि ८ मार्चला कुठलं सेक्शन कुठल्या ब्रिगेडबरोबर होतं हे कुतच्या सुटकेला गेलेल्या फौजेच्या, म्हणजे टायग्रिस कोअरच्या, नकाशांवर बसवणं. नदीने तेव्हापासून पात्र बदललं आहे, म्हणून आजच्या उपग्रहचित्रावर थेट खुणा करायच्या नाहीत, आधी जुना कालवा आणि टेकाडं जुळवायची. मग १९१८ च्या बोटींच्या तारखा.

खटावच्या काकांचा परवा फोन आला होता. त्यांच्या गावातल्या आणखी दोन घरांत स्टार आहेत, एकावर १९१४ आणि एकावर १९१४-१५. दोन्हींच्या पाठीचे फोटो पाठवायला सांगितले आहेत, उजेड तिरपा पडेल असे, म्हणजे झिजलेली अक्षरं वाचता येतील.